गायरानातून गेलेलं घर

आउल्केन,
ता. १८ ऑक्टोबर १९९२

चि. बेलार्मिनो यास एर्मिंदाताईचे अ. उ. आ.

तुझं ऑगस्टचं पत्र सप्टेंबर संपताना मिळालं. टपालाची होडी हल्ली वाऱ्याची मर्जी बघून येते. मी बरी आहे. गुडघे पावसाची वर्दी आदल्या दिवशी देतात, तेवढाच त्यांचा उपयोग. दोन्ही मेंढ्या व्यायल्या, बटाटे लावून झाले, आणि तुझ्यासाठी विणायला घेतलेल्या मोज्यांपैकी एक झाला आहे. दुसरा होईपर्यंत पाय आलटूनपालटून गरम कर.

गावात सध्या एकच विषय आहे, गायरान. चर्चपुढचं आपलं गायरान मासेवाल्या कंपनीला हवंय. तिथे जाळी आणि खोकी ठेवायला पत्र्याची मोठी शेड बांधणार, धक्क्यापासून वरपर्यंत खडी टाकणार आणि गावातल्या बाराजणांना काम देणार, असं त्यांचा साहेब सांगून गेला. गायरान कुणा एकाचं नाही, म्हणून सगळ्या गावाने हो म्हणायला हवं. मागच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर शाळेत सभा भरली.

तुझा जिवलग मित्र ओनोफ्रे शेडच्या बाजूने उभा राहिला. त्याची दोन्ही मुलं कामासाठी शहरात गेली आणि तिकडचीच झाली. चार वर्षांपूर्वी इथे काम असतं तर आज माझी नातवंडं माझ्या अंगणात असती, असं तो म्हणाला. त्याचं दुःख खोटं नाही. हे मला पत्रात लिहिता येतं, सभेत बोलता आलं नाही. मग त्याने सगळ्यांना विचारलं की वर्षातून एक मिरवणूक, पोरांचा फुटबॉल आणि टिटव्यांची अंडी, एवढ्यासाठी एवढी जागा रिकामी ठेवायची? रिकामी जागा करते तरी काय?

खरं सांगू, मला उत्तर सुचलं नाही. आणि उत्तर सुचलं नाही की माझा आवाज चढतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मी उठले आणि म्हणाले, मेलेली माणसं तक्रार करत नाहीत म्हणून तुम्ही उद्या कबरीसुद्धा भाड्याने द्याल. मी जिवंत असेपर्यंत या गायरानात कुणाची साधी खुंटी ठोकली जाणार नाही, मग ती कुणाचीही असो. नेल्दाबाई म्हणून शाळेत नव्या बाई आल्या आहेत, सभेचं टिपण त्याच लिहितात. त्यांनी ते वाक्य माझ्या नावानिशी वहीत उतरवून घेतलं. निर्णय मार्चच्या सभेवर गेला. अर्ध्या गावाने माझ्याशी बोलणं टाकलं आहे, उरलेलं अर्धं मुळातच कमी बोलतं.

छाती झाकून बाहेर पडत जा. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी ताई,
एर्मिंदा

पुंता अरेनास,
ता. ९ नोव्हेंबर १९९२

ती. एर्मिंदाताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसलो, आणि मग ओनोफ्रेची दया आली. कबरी भाड्याने देणारा! बिचाऱ्याने तोंड उघडलं ते तुझ्यासमोर, हीच त्याची चूक. एक मोजा मिळाला तरी चालेल, इथे पायही एकेक करूनच गारठतात.

मी ठीक आहे. तुझी भावजय रोसाल्बा वारल्याला दोन वर्षं होऊन गेली, पण बटाटे अजून दोघांचे सोलले जातात आणि मग दुसऱ्या दिवशी शिळं खावं लागतं. वारा असा की परवा शेजारच्या घरावरचा पत्रा उडून माझ्या कोबीत येऊन बसला. शेजारी मागायला आला तेव्हा म्हटलं, राहू दे, कोबीला सावली झाली.

गायरानाचं म्हणशील तर मला दोन्ही बाजू पटतात, आणि तुला तेच खपत नाही. मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं ते हौसेने नाही. बाबांच्या वाटणीतला वरचा तुकडा ओनोफ्रेला विकला आणि दक्षिणेची बोट पकडली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मेंढ्या भादरल्या. गावात तेव्हा एखादी शेड असती तर कदाचित मी तुझ्या पुढ्यात बसून तुझी बोलणी रोज खाल्ली असती. म्हणून सांगतो, त्याला शत्रू समजू नकोस.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात धक्क्यावर आपल्याकडच्या बोटीचा आचारी भेटला. त्याने सहज बोलता बोलता सांगितलं की तुझं कोंबड्यांचं खुराडं दरडीसकट समुद्रात गेलं. ताई, तुझ्या पत्रात गुडघे आहेत, मेंढ्या आहेत, मोजा आहे, पण खुराडं नाही. घरामागे आता किती जमीन उरली आहे ते मला लिही. खरं लिही.

उत्तराच्या वाटेवर डोळे आहेत.

तुझा,
बेलार्मिनो

आउल्केन,
ता. २ डिसेंबर १९९२

चि. बेलार्मिनो यास अ. उ. आ.

त्या आचाऱ्याने रश्श्यात मीठ बरोबर घातलं असतं तर बरं झालं असतं, तिथे त्याचं लक्ष नसतं. खुराडं गेलं हे खरं. कोंबड्या वाचल्या, त्या माझ्यापेक्षा शहाण्या, आदल्या दिवशीच झाडावर जाऊन बसल्या होत्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कड्यापर्यंत गेल्या वर्षी वीसेक पावलं होती, आता नऊ आहेत. मी आखूड पावलं टाकते, म्हणून सात म्हण.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर शाळेत नेल्दाबाईंनी माझा विषय काढला. मी काढला नव्हता. त्या म्हणाल्या की जूनची थंडी पडायच्या आत एर्मिंदाबाईंचं लाकडी घर बैलांनी ओढून वर आणायला हवं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला लोकांच्या वाड्या, म्हणून वर चढायला वाट एकच, गायरानातून. आणि तिथेच चर्चच्या बाजूला ते कायमचं ठेवावं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ओनोफ्रे खाली बघत बसला होता. तो एक शब्द बोलला असता तर मला भांडता आलं असतं. मला नेल्दाबाईंकडून वही मागून घ्यावी लागली आणि माझं वाक्य मलाच वाचून दाखवावं लागलं. कुणाचीही असो, असं मीच म्हटलं होतं. माझं घर ठेवलं तर शेडीला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? आपलं ठेवायचं झाकून, असली बाई मी नव्हे.

आणि जागेचं जमलं तरी घर ओढायला सगळ्या गावाची इर्जिक घालायची म्हणजे दारोदार विनवणी आली. तू विसरला असशील, इथे अजून तसंच चालतं. ज्याचं काम त्याने प्रत्येक दारात जायचं, डोकं उघडं करायचं आणि मागायचं. मागितलं की कुणी नाही म्हणत नाही. न मागता मात्र कुणी येत नाही, कारण न बोलावता मदतीला जाणं म्हणजे समोरच्याला भिकारी म्हणण्यासारखं. मी आजवर शंभर इर्जिकींना गेले, भाकऱ्या थापल्या, दोर ओढले. माझ्यासाठी कधी कुणाला बोलावलं नाही. आणि आता ऑक्टोबरात ज्यांना कबरी भाड्याने देणारे म्हणाले त्यांच्याच दारात उभी राहू? माझ्याने होणार नाही. जीभ वळणार नाही.

काळजी करू नकोस. समुद्र काही रोज भुकेला नसतो.

मायेने,
एर्मिंदा

पुंता अरेनास,
ता. २१ डिसेंबर १९९२

ती. ताईस सा. न. वि. वि.

सणाच्या शुभेच्छा नंतर, आधी राग. सात पावलांवर समुद्र आणि तू मला कोंबड्यांच्या गमती लिहितेस. गावाला विनवणी करायची नसेल तर करू नकोस, ट्रंक भर आणि इकडे ये. खोली रिकामी आहे, चूल चांगली पेटते. तू आलीस तर दोघांचे बटाटे सोलले जातात त्याचंही सार्थक होईल. बाबा म्हणायचे की एर्मिंदाची मान बैलाची आहे, जू ठेवलं तरच वाकते. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

उलट टपाली हो कळव. तुझ्याशिवाय मला आता दुसरं कोण आहे?

तुझा,
बेलार्मिनो

आउल्केन,
ता. ८ जानेवारी १९९३

चि. बेलार्मिनो यास अ. उ. आ.

नाही. तुझ्या मायेबद्दल तुझ्या डोक्यावरून हात फिरवते, पण नाही. मी या घरात जन्मले. वाऱ्याने पत्रे उडतात त्या गावात मी म्हातारपणी काय धरून उभी राहू? पाच पावलं उरली आहेत. कंपनीचा साहेब पुन्हा येऊन गायरानाची लांबीरुंदी मोजून गेला. मोजताना टिटवीने त्याच्या डोक्याचे चांगले हाल केले, तेवढंच या महिन्यातलं सुख.

दुसरा मोजा सोबत पाठवते आहे.

एर्मिंदा

पुंता अरेनास,
ता. २० जानेवारी १९९३

मित्रवर्य ओनोफ्रे यास बेलार्मिनोचा स. न. वि. वि.

इतक्या वर्षांनी पत्र पाहून तुला वाटेल कुणी मेलं. अजून तरी नाही, पण माझी बहीण त्या तयारीत आहे. ती तुला काय काय बोलली ते मला तिच्याच पत्रातून कळलं. तुझी मुलं दूर गेल्याचं दुःख खोटं नाही असंही तिने लिहिलं आहे. हे ती तुला जन्मात सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

ती मागणार नाही. जीव गेला तरी मागणार नाही. पण ओनोफ्रे, तिला कुणी मागितलं तर ती नाही म्हणू शकत नाही. आपल्याकडे ते कुणालाच जमत नाही. तेव्हा विनवणी तू कर. मी तुला विकलेल्या तुकड्याचा तो गायरानाला लागून असलेला कोपरा आहे ना, तिथे बाबांनी लावलेल्या सफरचंदाच्या झाडांना उत्तरेचा वारा झोडपतो, आडोशाला एखादं घर हवंय, असं सांग. घर तू मागितलंस तर इर्जिक तुझी. मग दारोदार तू जाशील, ती नाही. तिची मान ताठ राहील आणि घरही.

कोपऱ्याच्या बदल्यात तू जे म्हणशील ते मी देईन. हे पत्र वाचून चुलीत टाक. तिला कळलं तर ती आपल्या दोघांनाही समुद्रात ढकलेल, आणि तिथे आता फारसं चालावंही लागत नाही.

वहिनींना नमस्कार. जुनी दोस्ती अजून उबदार असेल अशी आशा धरतो.

तुझा,
बेलार्मिनो

आउल्केन,
ता. १० फेब्रुवारी १९९३

दोस्त बेलार्मिनो यास ओनोफ्रेचा नमस्कार, वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, मी सांगतो ते बायको लिहून घेते आहे, तेव्हा वाकडंतिकडं सांभाळून घे. तुझं पत्र बायकोने वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी म्हणालो की ही बाई मला सगळ्या गावासमोर कबरीचा दलाल म्हणते आणि मी तिच्या दारात टोपी काढू? बायकोने माझं जेवण आपटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला शिंपले काढायला गेलो. खालून वर पाहिलं तर तुमच्या स्वयंपाकघराखालचा खांब अधांतरी दिसला. मी शिंपले तिथेच टाकून घरी आलो.

मग मयतीला घालायचा कोट काढला. तू लिहिलेलं बायकोकडून पुन्हा पुन्हा वाचून घेऊन पाठ केलं, बैलांपुढे म्हणून पाहिलं, बैलांना पटलं. मंगळवारी गेलो. ताईंना वाटलं मी शेडीचं बोलायला आलो, त्यांनी चुलीचा चिमटा हातात घेतला. मी टोपी काढली आणि आमचा बाप विनवणी करताना म्हणायचा तसं सुरुवातीपासून म्हटलं. मी, आपोलिनारियोचा मुलगा ओनोफ्रे, रिकाम्या हातांनी तुमच्या दारात उभा आहे, आणि मला जे हवंय ते तुमच्याकडेच आहे. मग सफरचंदाची झाडं, उत्तरेचा वारा, सगळं म्हटलं. शेवटी माझ्या मनाचं एक जोडलं की रिकामं घर कुजतं, तेव्हा घरासोबत तुम्हीही यावं.

त्या चिमटा धरून माझ्याकडेच बघत राहिल्या आणि चुलीवरचं उतू गेलं. मग म्हणाल्या, विनवणी केलीस, आता मी काय बोलणार. आणि विचारलं, जेवलास का. मी जेवून गेलो होतो, तरी पुन्हा जेवलो.

कोपऱ्याबद्दल काही द्यायचं नाव काढू नकोस. तुझ्याच बापाची जमीन, ती ताईंच्या नावाने करून देतो. सत्तावीस तारखेला ओढायचं ठरलं. मी सगळी दारं फिरलो. एकाने नाही म्हटलं नाही. प्रत्येकाने घरात बोलावलं आणि प्रत्येकाने दार लावून घेतल्यावर हसून घेतलं. सफरचंदाच्या झाडांबद्दल तुला एक सांगायचं आहे, पण ते भेटीत.

शेडीबद्दल माझं मत अजून तेच आहे. घर वेगळं, शेड वेगळी.

कळावे, भेट व्हावी.

तुझा,
ओनोफ्रे

आउल्केन,
ता. ७ मार्च १९९३

चि. बेलार्मिनो यास एर्मिंदाताईचे अ. उ. आ.

हे पत्र मी आपल्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, पण खिडकीत समुद्र नाही, चर्चचा मनोरा आहे. ओनोफ्रेने माझं घर मागितलं आणि मी दिलं. घराबरोबर मीही गेले. तुला आश्चर्य वाटलं असेल, तर वाटू दे.

सत्तावीस तारखेला, शनिवारी, सकाळी धुकं होतं, पाऊस नव्हता. आदल्या आठवड्यात भांडी, खाटा, चूल सगळं शाळेत हलवलं, भिंतींना आतून आडव्या तिडव्या तुळया मारल्या आणि घराखाली दोन लांब ओंडके सरकवले. सोळा बैलजोड्या आल्या. पलीकडच्या खाडीतली माणसंसुद्धा आली. ओनोफ्रे तिथपर्यंत विनवणी करून आला होता. सगळे म्हणाले की बाई, तुम्ही मागून चालत या. मी म्हटलं, हे घर कुठे जाणार असेल तर मी त्याच्या आतच बसून जाणार. आत जाऊन मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. कुणी वाद घातला नाही. तसे इथे आता लोक माझ्याशी वाद कमीच घालतात.

चढणीच्या पायथ्याशी एक ओंडका रुतला आणि दोर तुटला. घर मागे कललं. तेव्हा, बेलार्मिनो, मी घाबरले. गेलं असं वाटलं. बाहेर ओनोफ्रे घसा फोडून ओरडत होता, बैलांना शिव्या देत होता, माणसांना त्याहून वाईट. बायकांनीही दोर धरले. मग घर हललं आणि गायरानावर चढलं, आणि तिथे ते असं सुरळीत चाललं की मला उभं राहता आलं. मी खिडकीशी गेले. चर्च माझ्या खिडकीसमोरून हळूहळू गेलं. सहासष्ट वर्षांत ते कधी जागचं हललं नव्हतं. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. आत कुणी बघायला नव्हतं ते बरं झालं.

जेवण गायरानातच झालं. खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, सगळं पानांनी झाकून शिजवलं. दोन पिंपं सफरचंदाची दारू संपली. खाताखाता ओनोफ्रे उठला. सभा नव्हती, पण सगळं गाव तिथेच होतं, म्हणून नेल्दाबाईंनी वही काढली. तो म्हणाला, रिकामी जागा काय करते असं मी ऑक्टोबरात विचारलं होतं. आज सकाळी मला कळलं. शेड इथे असती तर आपण हे घर कुठून आणलं असतं? ताईंच्या घरानंतर खालच्या आणखी चार घरांची पाळी आहे. वाट ठेवा.

एवढंच बोलून तो खाली बसला आणि बटाटा सोलू लागला. मला चार महिने जे उत्तर सापडलं नाही ते त्याच्या तोंडून निघालं, याचा मला थोडा रागही आला. मग मी उठले. मी म्हणाले की मुलांना काम हवंच. खाली धक्क्याजवळ जुन्या लाकूड गिरणीची जागा पडून आहे, तिथे शेड होते का ते कंपनीला विचारा, आणि विचारायला ओनोफ्रेबरोबर मीही येते. आज रीतसर सभा भरली, तेच ठरलं. साहेबाचं उत्तर यायचं आहे. ऑक्टोबरात जे बोलले त्याबद्दल मी सगळ्यांसमोर माफी मागितली. नेल्दाबाईंनी तेही लिहून घेतलं. ती बाई काही सोडत नाही.

आता तुझं. ओनोफ्रे दारात उभा राहून बाबांच्या सफरचंदाच्या झाडांबद्दल बोलायला लागला तेव्हाच मी ओळखलं. ती झाडं तू गेल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात वाळली. त्या कोपऱ्यात आज काट्याकुट्यांशिवाय काही नाही. ती झाडं अजून उभी आहेत असं समजणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो पुंता अरेनासला राहतो. ओनोफ्रेला तर तो कोपरा रोज दिसतो. झाडांचं नाव घेताना बिचाऱ्याचे कान लाल झाले, पण त्याने वाक्य पुरं केलं. मी त्याला अडवलं नाही. कुणीतरी मला काही मागतंय, आणि ते माझ्याच भल्यासाठी, हे ऐकायला फार बरं वाटत होतं. चुलीवरचं उतू गेलं हे त्याने तुला लिहिलंच असेल. ते ऐकण्याच्या नादात मी भांडं उतरवायचं विसरले.

तुमच्या लबाडीबद्दल तुम्हा दोघांनाही माफ केलं आहे. ओनोफ्रेला हे सांगितलेलं नाही, त्याला अजून थोडे दिवस घाबरू दे.

पण त्याने टोपी काढली तसं मी अजून कुणासमोर डोकं उघडं केलेलं नाही. तुझ्या दारात यायला बोटीने चार दिवस लागतात आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, म्हणून कागदावरच करते. हे लिहिताना डोक्यावरचा रुमाल काढून बाजूला ठेवला आहे.

मी, आन्सेल्मोची मुलगी एर्मिंदा, रिकाम्या हातांनी तुझ्या दारात उभी आहे, आणि मला जे हवंय ते तुझ्याकडेच आहे. हे घर एकटीला मोठं पडतं. फार वर्षांपासून मोठं पडतं, मी कधी म्हटलं नाही. तू परत ये, बेलार्मिनो, आणि माझ्यापाशी राहा.

तुझीच,
ताई